जावई सोडून कोणीही

९ जानेवारी, सोमवार

ॲप हवं म्हणे! मोठ्या बिल्डरचा माणूस आला, पायावर पाय टाकून बसला, चहा प्यायला आणि जाता जाता सांगून गेला — जूनपासून त्यांच्या इमारतींच्या लिफ्ट सांभाळायच्या असतील तर मोबाइल ॲप पाहिजे. तक्रार ॲपवर, मेकॅनिक कुठवर पोचला ते ॲपवर, काम झाल्याची पोच ॲपवर. नसेल तर नमस्कार. आमच्या निम्म्या लिफ्ट त्यांच्याच आहेत, त्यामुळे गोड हसून "बघतो की" म्हणावं लागलं.

त्याला काय जातंय बोलायला! इतकी वर्षं प्रत्येक लिफ्टच्या आतला फोन वायरने थेट माझ्या टेबलावर वाजतो. लिफ्ट अडकली, आतल्या माणसाने भिंतीतलं काळं बटण दाबलं, की मी उचलते. "घाबरू नका, दाराला हात लावू नका, आमचा माणूस निघालाय" — झोपेतसुद्धा म्हणेन. मग फळ्यावर खडूने लिहायचं आणि मेकॅनिक धाडायचा. ह्यात न समजण्यासारखं काय आहे? पण फळा बघितला की हल्ली लोकांना हसू येतं.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, आज ना उद्या करायचंच होतं." भाऊजी म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ. हे गेल्यापासून अर्धा धंदा त्यांचा, अर्धा माझा, आणि कटकट सगळी माझी.

११ जानेवारी, बुधवार

लेकीचा फोन. काकांनी तिच्या कानावर घातलंच! भाऊजींच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ.

"आई, बाहेर कशाला शोधतेस? हा आहे ना घरात."

हा म्हणजे जावई. जावयाची कंपनी म्हणजे तो, त्याचा एक मित्र आणि सायकलच्या दुकानावरची एक खोली. पोरगा वाईट नाही. शांत आहे. इतका शांत की जेवायला बसला की त्याच्या ताटाकडे आपणच लक्ष ठेवायचं, तोंडाने काही मागायचा नाही. पण धंद्यात नातं नको म्हणजे नको.

ह्यांनी आणलं होतं ना नातं! माझ्याच सख्ख्या भावाला मेकॅनिक म्हणून घेतलं. तो न बघितलेल्या लिफ्टवर "तपासली" म्हणून सह्या ठोकत राहिला. एका लिफ्टचा दोर तुटायला आला होता. हे असेतो कोणी चकार शब्द काढला नाही — मेहुणा पडला ना! हे गेले आणि मी पहिलं काम केलं ते भावाला बाहेर काढलं. तेव्हापासून तो माझं तोंड बघत नाही. मीही त्याचं बघत नाही. फिटंफाट! त्या दिवशी ठरवलं — नातं उंबऱ्याच्या आत, धंदा उंबऱ्याच्या बाहेर.

लेकीला म्हटलं, "येऊ दे त्याला. पण चारचौघांसारखा. रांगेत."

"रांगेत?" म्हणाली.

१९ जानेवारी, गुरुवार

तीन कंपन्या येऊन गेल्या. डोकं भणभणतंय.

पहिले दोघे पोरगेलेसे, दाढ्या कोरलेल्या. भिंतीवर चित्रं पाडली — बाण, गोल, ढग. "मॅडम, तुमचं व्हिजन काय आहे?" म्हटलं, "लिफ्ट खाली पडू नये." भाऊजी हसले. ते दोघे हसले नाहीत, त्यांनी लिहून घेतलं!

दुसरा — ह्याचं नाव मी मनात गोडबोल्या ठेवलंय. आल्या आल्या ह्यांच्या फोटोसमोर थांबला, मान खाली घातली. कुठे किती थांबायचं ते बरोबर ठाऊक! मोठी कंपनी, काचेची इमारत, माणसं म्हणे मोजता येणार नाहीत इतकी. मी तिघांनाही एकच प्रश्न विचारायचं ठरवलं होतं — लिफ्ट मधेच अडकलीय, आत माणूस आहे, आता तुमचं ॲप काय करणार? गोडबोल्याने स्वतःचा फोन हवेत धरला. "आतला माणूस लाल बटण दाबणार आणि सगळ्यात जवळच्या मेकॅनिकच्या खिशात शिट्टी वाजणार! तुम्हाला खुर्चीतून उठायचीसुद्धा गरज नाही, मॅडम." मला खुर्चीतून उठायचा कंटाळा आहे असं ह्याला कोणी सांगितलं? पण ऐकायला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

जावई तोवर बाहेरच्या बाकावर बसला होता. मीच बसवला. चहासुद्धा बाकीच्यांसारखाच, कागदी कपात. आत आला, "आई —" म्हणाला. मी नुसतं बघितलं. तर "मॅडम" म्हणाला. भाऊजींनी मान खिडकीकडे फिरवली.

त्याने भिंतीवर काही पाडलं नाही. म्हणाला, "मी गेला आठवडा तुमच्या इमारतींमध्ये वर-खाली करतोय. दार लागलं की बऱ्याच लिफ्टमध्ये मोबाइल मुका होतो. आत अडकलेल्या माणसाच्या हातात ॲप देऊ नका. तुमचा वायरचा फोन आहे, तोच राहू द्या. ॲप मेकॅनिकसाठी करू. कुठे गेला, काय तपासलं, बस."

म्हणजे विकायला आला आणि अर्धं घेऊ नका म्हणाला! भाऊजी खुर्चीत पुढे सरकले. मलाही पटलं. इथे लिहायला कोणाची भीती — पटलं. तिघांत आमच्या लिफ्टमध्ये पाय ठेवून आलेला तो एकटा.

आणि नेमका त्याचाच राग आला. परका असता तर तिथल्या तिथे हो म्हटलं असतं. मग हा परका का नाही?

२० जानेवारी, शुक्रवार

भाऊजी: "वहिनी, डोळे झाकून जावयाला द्या."

मी: "डोळे झाकूनच तर भावाला दिलं होतं."

"तो वेगळा, हा वेगळा."

"आज वेगळा. उद्या काम बिघडलं तर मी ओरडू कोणावर? लेकीच्या नवऱ्यावर? आणि नाही ओरडले तर मग झालंच!"

ते पेनचं टोपण उघडझाप करत बसले. मग म्हणाले, "ह्या खोलीत तुम्हाला कोणी चाललं असतं, जावई सोडून कोणीही." मी हो म्हटलं. खरंच आहे ते.

गोडबोल्याला काम दिलं.

२१ जानेवारी, शनिवार

लेकीला मीच फोन केला. दुसऱ्या कोणाकडून कळायला नको.

"त्याच्यात काय कमी होतं तेवढं सांग."

कमी काही नव्हतं. हेच सांगता येईना. म्हणून म्हटलं, "काम मोठं आहे. त्याला झेपणार नाही." धडधडीत खोटं. माझ्याच कानाला कसंतरी लागलं.

"बाकावर बसवलंस, आई. मॅडम म्हणायला लावलंस. तो एक अक्षर बोलला नाही घरी, मला काकांनी सांगितलं." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं. "तुला धंदा सांभाळता येतो. माणसं नाही येत."

फोन ठेवला तिने.

एकच लेक आहे मला. लहानपणी रुसली की कपाटामागे जाऊन बसायची, मी हाक मारली की यायची. आता हाक कुठे मारू? आणि का मारू? मी काय चुकीचं केलं? धंद्यात धंद्यासारखी वागले!

२४ जानेवारी, मंगळवार

भाऊजी आणि मी गोडबोल्याच्या काचेच्या इमारतीत जाऊन सह्या करून आलो. त्यांची लिफ्ट आमच्याकडे नाही. दार लागताना गुडघ्यात अडखळल्यासारखं करतं, तेल हवंय. सांगितलं नाही.

नेटवर्कचं मी स्वतःहून काढलं. उगाच बोटं मोडायला जागा नको. गोडबोल्या म्हणाला, "त्यात काय! लिफ्टच्या माथ्यावर एक छोटी डबी बसवू. बाहेरचं नेटवर्क ओढून आत सोडते. मग ती वायरची भानगडच काढून टाका, मॅडम. उंदीर खातात म्हणालात ना?" खातात खरेच. वायर बदलून बदलून मेकॅनिकांचे हात दुखतात.

"पण एवढी बारीक गोष्ट तुम्हाला सुचली कशी?"

"मला नाही. आमच्याकडे तिसरा एक आला होता. घरचाच. दोन माणसांची कंपनी." हसून सांगितलं मी. जावई आहे म्हणून सांगितलं, नावही सांगितलं. गोडबोल्याने टिपून घेतलं. तोही हसला.

९ फेब्रुवारी, गुरुवार

लेकीचा फोन नाही. मीही केला नाही. बघू कोण आधी करतं.

२६ फेब्रुवारी, रविवार

भाऊजी लेकीकडे जाऊन आले. जावयाने सायकलच्या दुकानावरची खोली सोडली म्हणे. मित्र आपल्या वाटेने गेला. जावई कुठल्याशा कंपनीत नोकरीला लागला.

"कुठल्या?"

"तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. तिने तुमच्या ॲपचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही."

एरवी भाऊजींच्या पोटात काही राहत नाही, आणि हवं तेव्हा मात्र तोंडाला कुलूप!

बरं झालं, म्हटलं मी. पहिल्या तारखेला पगार, डोक्याला ताप नाही. लेकीलाही सुख. मोठ्याने म्हटलं. मग जेवायला बसले आणि ताट तसंच झाकून ठेवलं. मी आमचं काम दिलं असतं तर ती खोली राहिली असती का? राहिली असती. कळतं मला. सगळं कळतं.

१४ मार्च, मंगळवार

आज फार दिवसांनी काहीतरी बरं. गोडबोल्याचा फोन — "मॅडम, आमचा डेव्हलपर काही विचारतोय." डेव्हलपर म्हणजे प्रत्यक्ष ॲप लिहिणारा माणूस. मेकॅनिकचे हात तेलकट असतात, तर बटणं मोठी ठेवायची का? मेकॅनिक लिफ्टखालच्या खड्ड्यात उतरलेला असताना फोनने शिट्टी वाजवायची की नाही, का तो दचकेल? मुख्य स्विच बंद केल्याची खूण केल्याशिवाय पुढचं पानच उघडायचं नाही, असं केलं तर चालेल का?

चालेल? धावेल! खड्ड्यात माणूस दचकतो हे खुर्चीवर बसून कोणाला सुचतं का? भाऊजींना म्हटलं, "बघा! ह्याला म्हणतात मोठी कंपनी. सायकलच्या दुकानावर बसून हे सुचलं असतं?"

भाऊजींनी पेनचं टोपण लावलं. मला वाईट वाटलं. पण बोलून गेले होते.

२ एप्रिल, रविवार

लेकीच्या घरावरून गेले. मुद्दाम नाही — ठीक आहे, मुद्दामच. दोरीवर जावयाचे दोन शर्ट वाळत होते, इस्त्रीचे, ऑफिसात घालायचे. वर दिवा होता. घंटी वाजवली नाही.

१८ एप्रिल, मंगळवार

डबीचं घोडं अडलंय. गोडबोल्या म्हणतो, "आमचा तो डेव्हलपर मुलगा पास करत नाही, मॅडम. नव्या इमारतींत डबी चालते, जुन्यांत कधी धरते, कधी सोडते. तो म्हणतो, आणखी बघावं लागेल."

किती बघणार? आणि प्रश्न तर काय, रोजचे! लिफ्टच्या भिंती किती जाड? तळघरात काय होतं? लिफ्टमध्ये दिवा कशावर जळतो? सुरुवातीला कौतुक वाटलं, आता कानाला त्रास होतो. मला विचारायचंच असेल तर मीच लिहिते की ॲप!

९ मे, मंगळवार

बिल्डरचा माणूस फोनवर: "एक जून, मॅडम. दोन नाही."

लगेच गोडबोल्याला लावला. तर ह्याचं पुन्हा तेच! "आमचा मुलगा अडून बसलाय. वायरचे फोन काढायचेच का, असं विचारतोय."

"काढायचेच! त्याला कोणी विचारलं?"

"आणि त्याचा आणखी एक प्रश्न आहे —"

"मला नको त्याचे प्रश्न. माझी तारीख जवळ आलीय आणि तुमचा माणूस मला शाळेत बसवतोय!" फोन आपटला. निम्म्या लिफ्ट जातील तर मेकॅनिकांना काय सांगू? घरी बसा?

११ मे, गुरुवार

मेल केली. चांगली खमकी. तुमचा डेव्हलपर कामचुकार आहे, प्रश्नांच्या आड लपतो, दुसऱ्याच्या धंद्यात नाक खुपसतो. त्याला ह्या कामावरून काढा. पुन्हा माझ्या कामावर दिसला तर करार मोडते आणि सगळ्या धंदेवाल्यांना सांगते की तुमच्याकडे कसली माणसं भरलीत.

भाऊजींनी वाचली. "वहिनी, प्रश्न विचारतोय म्हणजे काम करतोय. शेवटचं वाक्य तरी काढा. पोटावर पाय येईल कोणाच्या तरी."

"तुम्ही सगळ्यांची बाजू घ्या. माझी सोडून."

पाठवली. हलकं वाटलं. कितीतरी दिवसांनी कोणावर तरी मनसोक्त ओरडायला मिळालं, ते का लपवू? परक्याला काम देण्याचा हाच तर फायदा.

१६ मे, मंगळवार

गोडबोल्या: "तुमच्या शब्दाबाहेर नाही, मॅडम. काढला. नुसता कामावरून नाही, कंपनीतूनच." नव्या माणसाने एका दिवसात डबी पास केली. बघा! ह्याला म्हणतात काम.

१ जून, गुरुवार

ॲप सुरू. बिल्डरच्या माणसाने माझ्याशी हात मिळवला, फोटो काढला. प्रत्येक लिफ्टमधला काळ्या बटणाचा फोन उखडला, भोकावर ॲपचा चकचकीत स्टिकर. मेकॅनिकांना बटणं आवडली. "मोठी आहेत, बाई, अंगठ्याने दाबता येतात," म्हणाला एक.

माझ्या टेबलावरचं वायरचं खोकंही नेलं. तिथे पांढरा चौकोन राहिलाय, धूळ न बसलेला. दिवसभर एकही घंटी नाही. हेच हवं होतं ना? मग वाजल्याचा भास कशाला होतो?

लेकीला फोटो पाठवावासा वाटला. नाही पाठवला.

१३ जुलै, गुरुवार

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी बाजारामागच्या जुन्या इमारतीची वीज गेली. लिफ्ट दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधे थांबली. आत वरच्या मजल्यावरच्या शिवणकामवाल्या बाई. त्यांना दमा. दम्याचं औषध वर, मशिनच्या खणात. लिफ्टमधला दिवा बॅटरीवर जळत राहिला. माथ्यावरची डबी मात्र विजेवर. वीज गेली, डबी मेली. ॲप नुसतं गोल गोल फिरत राहिलं. बाईंनी लिफ्टमधली धोक्याची घंटी दाबली, पण शेजारच्या दुकानाचा जनरेटर धडधडत होता, कोणाला ऐकू जाणार! त्यांचा नवरा बाहेरून आला, जिना चढताना त्याला आतून दारावर थापा ऐकू आल्या. मग त्याने मला फोन केला.

मी मेकॅनिकबरोबर धावले. दार उघडलं तेव्हा बाई खाली बसल्या होत्या, ओठ निळे. उचलून नेलं. वाचल्या. वाचल्या!

लिफ्ट थांबते ती मुळात वीज जाते म्हणून. आणि डबी चालते विजेवर. ह्या धंद्यात केस पांढरे केले मी. डबी बघितली, स्टिकर बघितला, फोटो काढून घेतला. हे नाही बघितलं!

दवाखान्यात बाईंनी तोंडावरची नळी बाजूला केली. म्हणाल्या, "मागे एकदा अडकले होते, तेव्हा बटण दाबल्यावर एक बाई बोलल्या होत्या. घाबरू नका म्हणाल्या. माणूस येईपर्यंत बोलत बसल्या, माझ्या मशिनचं विचारत होत्या. ह्या वेळी ते काळं बटणच नव्हतं हो. त्यांना काढलं का?"

त्यांचा नवरा माझ्याकडे बघत होता. मला "ती मीच" म्हणता आलं नाही.

१५ जुलै, शनिवार

बिल्डरने काम काढून घेतलं. ते जाऊ दे.

गोडबोल्याला फोन केला. तोंडाला येईल ते बोलले. एवढी माणसं आणि एकालाही कळू नये? वीज गेली तर डबीला वीज कुठून, एवढं एकाच्याही डोक्यात येऊ नये?

तो पहिल्यांदाच गोड बोलला नाही. "आलं होतं, मॅडम. त्या दिवशी शेवटचा प्रश्न तोच होता. तुम्ही फोन ठेवलात."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग त्याला काढायला लावलंत. लेखी. माझ्याकडे आहे."

"कोण होता तो?" विचारलं. का विचारलं? मला विचारताना कळत होतं. खड्डा, दचकणं, तेलकट हात. आठवडाभर वर-खाली केल्याशिवाय हे कोणाला सुचतं? मला मार्चमध्येच कळायला हवं होतं.

"तुमचे जावई, मॅडम. तुमच्याच तोंडून नाव कळलं होतं. म्हटलं, लिफ्ट माहीत असलेला माणूस आहे, खोली बंद करतोय, घेऊ. त्याने एकच अट घातली. आईंना कळू द्यायचं नाही. कळलं तर काम थांबवतील, म्हणाला."

"त्याला माहीत आहे? कोणी काढायला लावलं ते?"

"तुमची मेल त्यालाच वाचायला दिली ना मी. कारण द्यावं लागतं. वाचली, खुर्ची आत सरकवली आणि गेला. काही बोलला नाही."

नाहीच बोलणार. तोंडाने काही मागायचा नाही तो.

१६ जुलै, रविवार

तीनदा नंबर लावला. तीनदा कापला. काय म्हणू? चुकले म्हणू? कोणाला — त्याला की तिला? लेकीला हे कळलं असणारच. म्हणूनच अजूनही फोन नाही. आता ती कधीच येणार नाही. माझ्या भावासारखीच. नातं आणि धंदा वेगळे ठेवायचे म्हणत होते मी, तिने ठेवले नाहीत तर तिचं काय चुकलं?

१९ जुलै, बुधवार

भाऊजींना सांगितलं. त्यांनी उठून फळा पुसला. "मी म्हटलं होतं" म्हणाले असते तर बरं झालं असतं.

२३ जुलै, रविवार

लेक आली! न सांगता, सकाळीच. मी दारात नुसती उभी. "काका म्हणाले तू जेवत नाहीस," म्हणाली आणि चपला काढून सरळ स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून बघायला लागली. "त्यानेच पाठवलं मला. म्हणाला, लिफ्टचं असं झालं, आई एकट्या असतील, रुसवा पुरे."

माझ्या शेजारी येऊन बसली. मग एकदम रडायलाच लागली. दोन महिने तो घरी बसलाय, कुठे काम मिळेना. "कोणीतरी ग्राहक होता गं. खोटंनाटं लिहून काढायला लावलं त्याला. कामचुकार म्हणाला! ह्याला! मी किती विचारलं, नाव सांगत नाही. नुसतं म्हणतो, सोड, विसर." डोळे पुसले. "तू असतीस ना आई तिथे, तर त्या ग्राहकाला सोडलं नसतंस. हो ना?"

हो, म्हणाले मी.